बाटलीवरचा लाल त्रिकोण आणि उंदराचं लिव्हर

गणपतीला गावी आले होते, कागलच्या अलीकडं आमचं घर, परड्यात पत्र्याचं शेड आहे तिथं उसाची सगळी औषधं ठेवलेली असतात. आतेभावाचा पोरगा, बारावीला आहे, तो दोन बाटल्या हातात घेऊन उभा होता. म्हणाला आत्ती, ह्याच्यावर लाल त्रिकोण का आणि ह्याच्यावर निळा का? मी काही बोलणार तेवढ्यात आतून माझी आत्ती, म्हणजे त्याची आजी, ओरडली, "तिलाच विचार, ती तिकडं हैदराबादला उंदरंच मारती म्हणं, एवढं शिकून!"

आत्तीला तेव्हा चहा पिता पिता जमेल तेवढं सांगितलं, पोराला रात्री अंगणात बसून सांगितलं, आणि आता इथं सगळ्यांसाठी लिहून काढते. कारण पोराचा प्रश्न आणि आत्तीचा टोमणा ह्या दोन्हीचं उत्तर एकच आहे. तो त्रिकोण उंदरावरूनच आलाय.

माझं काम टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजिस्टचं. शिक्षण जनावरांच्या डॉक्टरचं, पण मी कुठल्या म्हशीला इंजेक्शन देत नाही. नवीन औषध, नवीन कीटकनाशक, खाण्यातला नवीन रंग, असलं काहीही माणसापर्यंत पोचायच्या आधी ते जनावरांना देऊन बघतात, आणि मग त्या जनावरांच्या अवयवांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवून कोण तरी सांगावं लागतं की इथं काही बिघडलंय का, बिघडलं असेल तर औषधामुळं बिघडलंय का, आणि किती डोसपर्यंत काहीच बिघडत नाही. ते सांगणारी मी. अठरा वर्षं हेच करतेय.

आधी त्रिकोण. कृषी सेवा केंद्रातनं आणलेल्या कुठल्याही बाटलीवर बघा, तिरका उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण होतात, खालच्या त्रिकोणात रंग. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हे रंग कंपनीच्या आवडीचे नाहीत, १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ठरलेले आहेत, आणि ते ठरतात एका आकड्यावर, त्याला म्हणतात एलडी ५०. किलोमागं किती मिलिग्रॅम पोटात गेलं तर प्रयोगातली अर्धी जनावरं मरतात, तो आकडा. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याच्या वर हिरवा. आकडा जेवढा लहान तेवढं विष जहाल, इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ही पद्धत ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२७ साली काढली. तुलनेसाठी सांगते, उंदरात स्वयंपाकाच्या मिठाचा आकडा ३००० च्या आसपास येतो म्हणजे निळा, आणि चहाकॉफीतल्या कॅफिनचा २०० च्या जवळपास, म्हणजे पिवळा. पण तेवढ्यानं चहा विष होत नाही, कपात कॅफिन किती आणि आपलं वजन किती हे बघावं लागतं. आपल्याकडं अति तिथं माती म्हणतात ना, ह्या शास्त्राचा पाया तेवढाच आहे, फक्त ती 'अति' कुठं सुरू होते हे मोजायचं.

पण त्या त्रिकोणावर जास्त विसंबू नका, हे मला मनापासून सांगायचंय. एलडी ५० फक्त एवढंच सांगतो की एकदम पोटात गेलं तर थोड्या दिवसांत जीव जातो का. पाच वर्षं हातमोजे न घालता फवारलं तर किडनीचं काय होईल हे तो सांगत नाही, पोटातल्या बाळाचं सांगत नाही, कॅन्सरचं सांगत नाही. पॅराक्वाट नावाचं तणनाशक घ्या, उंदरावरच्या आकड्यानं ते लालमध्ये नाही, पिवळ्यात बसतं. पण त्याचा खरा मार फुप्फुसावर असतो आणि तोही हळूहळू, माणूस पहिले एक-दोन दिवस बरा वाटतो आणि आत फुप्फुस घट्ट होत जातं. म्हणून कुठलंही औषध चुकून थोडं जरी तोंडात गेलं तरी, रंग कुठलाही असो, बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही, बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. २०१७ ला यवतमाळला फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, त्यांनी काही बाटली तोंडाला लावली नव्हती.

तर हे 'हळूहळू'चं शोधायचं काम आमच्याकडं येतं.

साधारण कसं होतं बघा. ९० दिवसांची एक स्टडी धरू. उंदीर म्हणजे घरातले नव्हेत, प्रयोगासाठी पिढ्यानपिढ्या वाढवलेली पांढरी जात, विस्टर वगैरे. चार ग्रुप करतात, एकाला नुसतं तेल किंवा पाणी ज्यात औषध मिसळतात ते, हा कंट्रोल, बाकीच्यांना कमी, मध्यम आणि जास्त डोस. प्रत्येक ग्रुपात १० नर १० माद्या, म्हणजे ८० जनावरं. रोज वजन, खाणं, वागणं, मधे रक्ततपासणी, आणि शेवटी भूल देऊन मारतात आणि नेक्रॉप्सी करतात, म्हणजे जनावराचं पोस्टमॉर्टेम. मेंदूपासून शेपटाकडच्या मणक्यापर्यंत चाळीसेक अवयव काढून फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. तिथं पेशी जशी आहे तशी थिजते. मग त्यातला पाण्याचा अंश अल्कोहोलनं काढायचा, झायलीनमधून न्यायचं, आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसवायचं, की लिव्हरचा तुकडा मेणाच्या वडीत अडकतो. ती वडी मायक्रोटोम नावाच्या मशीनवर लावून चाक फिरवलं की ४-५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, मग विचार करा. ते काप एकाला एक चिकटून फितीसारखे येतात आणि ती फीत कोमट पाण्यावर सोडतात, सुरकुत्या जातात, मग काचेवर अलगद उचलायची. जुन्या टेक्निशियन बायका हे इतक्या सहज करतात की पापडाची लाटी उचलल्यासारखं वाटतं. शेवटी रंग देतात, पेशीचं केंद्र निळं, बाकी अंग गुलाबी. तो निळा रंग अजूनही एका झाडाच्या लाकडातनं येतो.

मग त्या काचा ट्रेमध्ये माझ्या टेबलावर येतात. आधी कंट्रोल आणि जास्त डोसवाल्यांचं सगळं बघायचं, ४० जनावरं गुणिले ४० अवयव, १६०० तुकडे झाले एका साध्या स्टडीचे. कॅन्सरसाठी दोन वर्षांची स्टडी असेल तर ४०० उंदीर. महिने जातात.

लिव्हरचं उदाहरण देते कारण आपल्या भागातल्या माणसाला ते पटकन कळतं. लिव्हर म्हणजे छोट्या छोट्या षटकोनी वाफ्यांचं रान समजा. रक्त कडेनं आत येतं आणि मधल्या एका शिरेतून बाहेर जातं. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे, तोंडाकडच्या वाफ्याला भरपूर ताजं पाणी आणि टेलला, म्हणजे पार शेवटच्या वाफ्याला, जे उरेल ते. मधल्या शिरेजवळच्या पेशी म्हणजे टेलच्या, त्यांना ऑक्सिजन कमी, आणि वर औषध फोडणारी यंत्रणा जास्त करून त्यांच्याकडंच. आपली नेहमीची पॅरासिटॅमॉल प्रमाणाबाहेर गेली की ह्या टेलच्या पेशींत तिचा एक जहाल तुकडा तयार होतो, एरवी लिव्हरचा ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला निकामी करतो, पण साठा संपला की त्या पेशी मरतात. मायक्रोस्कोपखाली ते इतकं स्वच्छ दिसतं, प्रत्येक वाफ्याच्या मध्यभागी फिकट मेलेला गोल आणि कडेच्या पेशी धडधाकट. हे चित्र दिसलं की औषध लिव्हरमध्ये फुटून विष होतंय असा अंदाज तिथल्या तिथं बांधता येतो. मला अजूनही अशी स्लाइड दिसली की खुर्चीत सरळ बसायला होतं.

पण प्रत्येक बदल म्हणजे नुकसान नव्हे, आणि ह्या धंद्यातली सगळी अक्कल इथं लागते. काही औषधांनी लिव्हरच्या पेशी फुगतात, लिव्हरचं वजन वाढतं, नवीन माणूस घाबरून जातो. पण गंगावेश तालमीत नवीन पोरगं जोरबैठका मारायला लागलं की सहा महिन्यांत दंड भरतात, तो काही आजार नाही, तसंच लिव्हरला रोज एक औषध फोडायचं काम पडलं की ते त्या कामाची यंत्रणा वाढवतं. औषध थांबवलं की परत पहिल्यासारखं. पण त्याच फुगलेल्या पेशींच्या शेजारी चार मेलेल्या दिसल्या, रक्तातली एन्झाइम्स वाढलेली दिसली, तर तो व्यायाम नाही राहिला, इजा झाली. ही रेघ कुठं ओढायची त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ज्या सगळ्यात मोठ्या डोसला काहीही वाईट दिसत नाही तो डोस घेतात आणि रोजच्या खाण्यातल्या अंशासाठी त्याला साधारण १०० नं भागतात, १० उंदीर आणि माणसातल्या फरकासाठी, १० माणसामाणसातल्या फरकासाठी. उंदराला किलोला १० मिलिग्रॅम चाललं तर माणसाला ०.१, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम. माझी रेघ चुकली की तो ६ चा आकडा चुकला.

आणि म्हातारे उंदीर औषध न देताही आजारी पडतात, किडनी खराब होते, गाठी येतात. म्हणून कंट्रोलशिवाय काहीच बोलता येत नाही. शिवाय सोमवारी सकाळी जे 'थोडं' वाटतं ते शुक्रवारी संध्याकाळी 'मध्यम' वाटू शकतं, डोळा थकतो, म्हणून शंका आली की स्लाइडचे नंबर झाकून, कुठली कंट्रोलची कुठली डोसची हे माहीत नसताना परत बघायचं, आणि दुसरा पॅथॉलॉजिस्टही तपासतो.

आता आत्तीचा प्रश्न. मारायचीच कशाला?

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड ह्या जंतू मारणाऱ्या औषधाचं एक गोड सिरप बाजारात आलं. औषध विरघळावं म्हणून त्यात डायइथिलिन ग्लायकॉल घातलं होतं. विषारी आहे का हे कुणी जनावरावर बघितलं नाही, कारण कायद्यानं तसं बघायची गरजच नव्हती. शंभरहून जास्त माणसं मेली, त्यात पुष्कळ लहान मुलं, किडन्या बंद पडून. पुढच्याच वर्षी, १९३८ ला, आधी सुरक्षितता दाखवा मग विका असा कायदा झाला. हेच रसायन १९८६ ला मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरिनमधून पेशंटच्या पोटात गेलं आणि १४ जण गेले, त्यावर लेंटिन चौकशी आयोग बसला. आणि २०२५ ला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधातून परत तेच, लहान लेकरं. ह्या पुढच्या दोन घटनांत जनावरांवर चाचणी करायचा प्रश्न नव्हता, विष आहे हे माहीतच होतं, बाटली भरायच्या आधी तपासायचं काम झालं नाही. ते वाचताना मला फार राग येतो. ज्या जनावरांनी आणि माणसांनी जीव देऊन जी गोष्ट शिकवली ती परत परत विसरायची म्हणजे काय.

उंदीर माणूस नाही हेही तेवढंच खरं. नर उंदराच्या लिव्हरमध्ये एक प्रोटीन बनतं जे आपल्याकडं तसं नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन नर उंदराला भरपूर दिलं की ते त्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, किडनीला ते पचवता येत नाही, पेशींत थेंब साठतात, पेशी मरतात, नवीन होतात, परत मरतात, आणि शेवटी गाठी येतात. माद्यांत नाही. नुसता निकाल वाचला असता तर लिंबाचं लोणचं बंद करावं लागलं असतं, पण कुणीतरी स्लाइड नीट बघून ते थेंब ओळखले आणि हा खेळ फक्त नर उंदराचा आहे हे सिद्ध झालं. उलटंही होतं, ते जास्त वाईट. १९९३ ला फियालुरिडीन नावाच्या कावीळ-बी वरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये १५ पैकी ५ पेशंट लिव्हर निकामी होऊन गेले, दोघं लिव्हर बदलल्यामुळं वाचले, आणि आधीच्या जनावरांच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं. हे आमच्यातल्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावं असं मला वाटतं.

जनावरा-जनावरात किती फरक असतो ह्याचं आपल्या गोठ्यातलं उदाहरण गिधाडांचं. म्हैस लंगडली, अंग तापलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, एके काळी सर्रास. म्हशीला त्याचं काही नाही, माणूसही घेतो. पण इंजेक्शननंतर ती म्हैस मेली आणि गिधाडांनी खाल्ली की त्यांच्या किडन्या बंद. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त संपली आणि बरीच वर्षं कुणाला कळेना का, रोग आहे का काय आहे. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडं उघडून बघितली तर आतल्या अवयवांवर चुना सारवल्यासारखा पांढरा थर, युरिक ॲसिडचा. संसर्ग नाही, जड धातू नाही, मग गुरांची औषधं तपासली आणि डायक्लोफिनॅक सापडलं, २००४ ला ते छापून आलं. २००६ ला आपल्या सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं, मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे तपासून मग पर्याय म्हणून पुढं आलं, २०२३ ला किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. तुमच्या डॉक्टरला विचारा म्हशीला कुठलं देताय, विचारायला लाजू नका.

मनमानी चालते असं समजू नका. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, १९९८ चे प्रयोगाचे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत समिती असते, त्यात बाहेरची माणसं असतात, आणि आधी तिथं सांगावं लागतं की जनावरच का, एवढीच का, त्रास कमी कसा करणार. रसेल आणि बर्च ह्या दोघांनी १९५९ मध्येच मांडलं होतं, शक्य तिथं दुसरी पद्धत वापरा, नसेल तर जनावरं कमी वापरा, आणि वापरताय तर त्रास कमी करा. आधी एलडी ५० ला ढिगानं जनावरं लागायची, ती जुनी पद्धत २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीतून काढून टाकली, आता मोजक्या जनावरांत काम होतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी भारतात २०१४ पासून जनावरांवर चाचणी बंद. सशाच्या डोळ्यात टाकून बघायच्या ऐवजी कत्तलखान्यातून आणलेल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर बघता येतं. २०२३ ला आपल्या औषध नियमांत बदल होऊन माणसाच्या पेशी चिपवर वाढवून त्यावर औषध तपासणं, असल्या पद्धतींनाही जागा मिळाली, अमेरिकेनं २०२२ च्या शेवटी कायदा बदलला. माझं मत विचाराल तर हे जितक्या लवकर होईल तितकं बरं, माझं काम कमी झालं तरी चालेल. फक्त चिपवरच्या लिव्हर पेशीला शेजारी किडनी नाही, पोट नाही, नव्वद दिवसांचं आयुष्य नाही, त्यामुळं एका रात्रीत सगळं बदलेल असं म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

पोराला ह्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर मायक्रोस्कोप. त्याला रस्ता सांगितला तो इथंही सांगते. बारावीला बायोलॉजी, नीट द्यायची, पशुवैद्यकीयला प्रवेश, कोल्हापूरकराला जवळचं म्हणजे शिरवळ, नाहीतर मुंबईचं परळचं जुनं कॉलेज. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग पॅथॉलॉजीत दोन वर्षांचं एमव्हीएससी, जमलं तर पीएचडी. त्यानंतर खरं शिक्षण चालू होतं, कुणाच्या तरी शेजारी बसून दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर हजारो नॉर्मल स्लाइड बघायच्या. नॉर्मल डोळ्यात बसल्याशिवाय बिघाड दिसत नाही, मला ह्याला तीन वर्षं लागली.

मग त्यानं विचारलं, आत्ती तुला वाईट वाटत नाही का? वाटतं. पण सगळ्यात वाईट कधी वाटलं ते सांगते. सुरवातीच्या नोकरीत एका ठिकाणी नेक्रॉप्सीला माणसं कमी होती, आणि जनावरं एकदमच मारून ठेवली, कंट्रोलची आधी उरकली, जास्त डोसवाली शेवटी तशीच तासभर पडून राहिली. आतड्याचं अस्तर तर मेल्यावर काही मिनिटांत सुटायला लागतं. माझ्याकडं स्लाइड आल्या तेव्हा जास्त डोसच्या आतड्यांचं अस्तर उडालेलं, किडनीच्या नळ्या विस्कटलेल्या, आणि हे औषधानं झालं की उशिरानं हे सांगायला काही मार्ग नव्हता. दिवसभर बघत बसले, काही निघालं नाही. स्टडी परत करावी लागली, म्हणजे परत तेवढे उंदीर. आधीचे ८० मेले आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून नेक्रॉप्सीचा क्रम सगळे ग्रुप मिसळून लावा, एका वेळी हाताला झेपतील एवढीच घ्या, ह्यासाठी मी प्रत्येक ठिकाणी भांडते.

आणि एक सवय लागली. रिपोर्टवर सही करायच्या आधी मी रिपोर्टच्या तक्त्यातली जनावरं स्वतः बोट ठेवून मोजते, कॉम्प्युटरनं मोजली असली तरी. गावी यायच्या आदल्या आठवड्यात ७९ भरली. परत मोजली, ७९. शोधत गेले तर मधल्या डोसची एक मादी, ४३ नंबर, तिच्या लिव्हरची ओळ टाईप करताना राहून गेली होती. तिचा ट्रे परत मागवला, लिव्हर बघितलं, नॉर्मल होतं, तसं लिहिलं, आणि मग सही करून रात्रीच्या गाडीला निघाले.